प्लाझ्मिड: तो की ते? आणि मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: बारावीतल्या लेकीला शिकवताना अडलो. प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूत गुणसूत्राबाहेर असणारा डीएनएचा छोटा रेणू. त्याला एका टिपणात 'उपगुणसूत्र' म्हटलंय, दुसऱ्यात 'वलयी डीएनए'. बरोबर कोणतं? शिवाय ती विचारते, "बाबा, प्लाझ्मा तर रक्तात असतो ना?"

– शंका रास्त आहे. मूळ ग्रीक शब्द एकच, पण इथला प्लाझ्मा रक्तातला नव्हे, पेशीद्रव्यातला. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये 'प्लाझ्मिड' हा शब्द काढला तो गुणसूत्राबाहेरच्या कुठल्याही आनुवंशिक घटकासाठी. अर्थ नंतर आक्रसला.

'उपगुणसूत्र' मला खटकतो. उपनदी, उपकलम म्हटलं की मुख्य गोष्टीचा फाटा डोळ्यासमोर येतो. प्लाझ्मिड हा गुणसूत्राचा फाटा नाही. प्रती काढायची यंत्रणा जीवाणूची, पण सुरुवात कुठून आणि प्रती किती, हे प्लाझ्मिडवरच लिहिलेलं असतं. 'वलयी'ही टिकत नाही. लाइम रोगाच्या बोरेलिया जीवाणूत सरळ, दोन टोकांचे प्लाझ्मिड असतात.

– आमच्या लॅबमध्ये सर्रास 'तो'. "प्लाझ्मिड आला का?" असंच विचारतात. डीएनए 'तो', म्हणून असेल. जीवाणूतून तो वेगळा काढताना बघण्यासारखं असतं: फोडलेल्या जीवाणूंच्या द्रावात पोटॅशियम ॲसिटेट घातलं की नळीत दूध फाटल्यासारखे पांढरे गोळे होतात. गुणसूत्र त्यात अडकतं, प्लाझ्मिड वरच्या निवळीत राहतो. ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचं गुणसूत्र साधारण ४६ लाख बेसजोड्यांचं (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या म्हणा), आणि पीबीआर३२२ हा आमचा नेहमीचा प्लाझ्मिड फक्त ४,३६१.

– क्रियापदाचंही बघा. 'एक जीवाणू दुसऱ्याला प्लाझ्मिड देतो' वाचून वाटतं, देणाऱ्याकडचा गेला. तसं नाही. डीएनएचा एक धागा पलीकडे जातो आणि दोघंही आपापली जोडी पुरी करतात. शेजारणीला विरजण दिलं म्हणून आपलं दही संपत नाही, तसं. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे जीवाणू एकदम चार-चार औषधांना दाद देईनासे झाले, ते औषधाला दाद न देण्याची जनुकं असलेल्या प्लाझ्मिडच्या अशा देवाणघेवाणीमुळेच. म्हणून 'रोगी औषधाला सरावला' असं लिहू नये. सरावतो तो जीवाणू.

प्रश्न: मग 'प्लाझ्मिडाचे' की 'प्लाझ्मिडचे'?

– सध्या 'प्लाझ्मिडचे'च लिहा. 'टेबलावर', 'पेनाने' आपण बिनदिक्कत म्हणतो, पण 'प्लाझ्मिडावर' अजून माझ्याही तोंडात बसत नाही.