कांग यात्से-2 साठी बेसिक कोर्स सक्तीचा करावा का?

रानवारा
लडाखचा मोसम जवळ आला की पुण्या-मुंबईच्या ग्रुपांवर तिथल्या कांग यात्से-2 या बर्फाच्या शिखराची पत्रकं फिरायला लागतात. उंची 6250 मीटर, नऊ-दहा दिवस, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे टोकदार दात) आणि बूट मोहीम नेणाऱ्या कंपनीचे, प्रशिक्षण बेस कॅम्पवर, पूर्वानुभव 'असल्यास उत्तम'. लडाखमधलंच स्तोक कांगरी शिखर 2020 पासून बंद झाल्यावर तिकडची गर्दीही इकडे वळली. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याने उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली किंवा पहलगामच्या संस्थेचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेला नाही, त्याला सोबत गाइड असला तरी बर्फाच्या शिखरावर घेऊ नये.

बेस कॅम्पवरचं प्रशिक्षण म्हणजे अर्धा दिवस. क्रॅम्पॉन बांधणं, उतारावर थोडं वर-खाली, जुमारवर (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) वीस-तीस मीटर चढ, आइस ॲक्सने घसरण थांबवायचे चार-पाच प्रयत्न. तेही दुपारच्या उन्हात, पातळ हातमोजे घालून, मऊ बर्फावर. प्रत्यक्षात हे सगळं पहाटे तीनला, शून्याच्या बऱ्याच खाली, जाड मिटन्स घालून करायचं असतं. अँकरपाशी, म्हणजे दोर बर्फात पक्का केलेल्या जागी, दोर बदलायचा क्रम ठरलेला आहे: आधी सेफ्टी कॅराबिनर (कमरेला जोडलेली कडी) पुढच्या दोरात, मग जुमार काढायचा, पुढे लावायचा, ओढून बघायचा. दमलेला माणूस नेमका आधी जुमार काढतो. तेवढे पाच-दहा सेकंद तो चाळीस अंशांच्या उतारावर कशालाच बांधलेला नसतो. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे दोरावर बर्फ गोठलेला असतो, जुमारचे दात भरून जातात, दोर दाबून धरणारा कॅम पुरता बसत नाही आणि वजन टाकलं की सरकतो. दात साफ करून पुन्हा लावायचा, हे अंधारात आपोआप सुचायला हात बसलेला हवा. कोर्समध्ये तेच घोटून घेतात.

उतरण
नाही पटलं. कोर्स महिनाभराचा असला तरी त्यात चालणं आलं, कातळावरचा सराव आला, तात्त्विक तास आले. प्रत्यक्ष बर्फावर जेमतेम आठवडा. आणि तो आठवडा सात वर्षांपूर्वीचा असला तर? प्रमाणपत्रावर मुदत छापलेली नसते. शिवाय प्रतीक्षायादी, त्यात सलग महिन्याची रजा. म्हणजे नोकरदार माणूस बादच.

लोक वर अडकतात ते जुमारपेक्षा कंपनीने कापलेल्या दिवसांमुळे. आकडेमोड करून बघा. बेस कॅम्प पाच हजारांच्या आसपास, म्हणजे एका रात्रीत साधारण 1200 मीटर चढायचे. उंचीला नीट रुळलेला माणूस तिथे तासाला 120 ते 150 मीटर चढतो. रात्री अकराला निघाला तर सकाळी सात ते नऊच्या दरम्यान माथ्यावर. न रुळलेला 80 ते 100 ने चढतो, म्हणजे अकरा वाजता, नाहीतर थेट दुपारी दोनला. दहानंतर ऊन लागून बर्फ भुसभुशीत होतो, क्रॅम्पॉनखाली गोळे धरतात, पिकेट (दोर बांधायला बर्फात ठोकलेल्या पट्ट्या) सैल पडतात. त्या वेळी हा गडी अजून चढतोच आहे. उतरणार कधी?

आणि तो रुळलेला का नाही? जुनी वाट मार्खा खोऱ्यातून स्क्यू, मार्खा, हांकर, थाचुंगत्से आणि शिखराखालचं निमालिंग अशी. साडेतीन हजारांच्या आतून पाच मुक्कामांत हळूहळू 4800 पर्यंत. आता गाडी चोगदोपर्यंत जाते, तिथून पाच हजारांवरची कोंगमारू ला ही खिंड ओलांडली की निमालिंग. दोन-तीन दिवस वाचले, तेवढ्या दिवसांचं घोड्यांचं भाडं वाचलं, पत्रकावरचा आकडा खाली आला. तीन हजारांच्या वर झोपायची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम कंपन्यांना पाठ असतो. पत्रकात तो दिसत नाही.

कातळवेडा
रानवारा, 4 ऑक्टोबर 2022 आठवा. उत्तराखंडातलं द्रौपदी का डांडा-2 शिखर. हिमस्खलनात 29 जण गेले. ते ॲडव्हान्स कोर्सचे विद्यार्थी आणि त्यांचे प्रशिक्षक होते. बेसिक सगळ्यांचाच झालेला होता.

रानवारा
ते उदाहरण इथे लागू होत नाही. उतार सुटतो तेव्हा खाली कोण आहे याने फरक पडत नाही. तो धोका वाट आणि वेळ निवडणाऱ्याने टाळायचा. मी बोलतोय ते माणसाच्या स्वतःच्या हातून होणाऱ्या चुकांबद्दल. त्यातल्या बऱ्याचशा उतरताना होतात: फिगर ऑफ एटमध्ये (दोरावरून उतरायची आठच्या आकाराची कडी) दोर उलटा, हार्नेसचा पट्टा बकलमधून परत न फिरवलेला, क्रॅम्पॉनचा पुढचा दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (बुटावरचं कापडी आवरण). उतरणदादा, दिवस वाढवा, माझी ना नाही. पण भरपूर रुळलेल्या माणसाचंही बकल चुकतंच की.

पिकेट60
गिऱ्हाइकाकडे काय असावं यावर दोघंही भांडताय. गाइड काय करतो ते बघा जरा.

एका तुकडीत बारा गिऱ्हाइकं, एक लीडर, दोन मदतनीस. वरच्या उतारावर 400 मीटर फिक्स रोप (उतारावर बांधून ठेवलेला दोर) लावायचा म्हटलं तर 8 मिलिमीटरचा दोर मीटरला सुमारे 40 ग्रॅम धरून 16 किलो. दर 40-50 मीटरला एक, म्हणजे आठ-दहा अँकर. मऊ बर्फात 60 सेंटिमीटरचा पिकेट, उघड्या निळ्या बर्फात तो शिरतच नाही, तिथे आइस स्क्रू. कमी बर्फाच्या वर्षी ऑगस्टअखेर निळा बर्फ उघडा पडतो. कंपनीने पिकेटच आणलेले असले तर सगळं ओझं फुकट. दोन अँकरांमधल्या तुकड्यावर एका वेळी एकच माणूस हवा. बारा जण रांगेत असले की पहिल्या उभ्या चढापाशी शेवटचा माणूस तासभर थंडीत उभा. हिमदंशाने बोटं तिथे जातात.

याहून वाईट म्हणजे दोर उलट्या जागी वापरतात. सपाट हिमनदीवर, जिथे बर्फाखाली क्रेव्हास, म्हणजे खोल भेग, झाकलेली असू शकते, तिथे 'वाट मळलेली आहे' म्हणून सगळे सुटे चालतात. खरं तर तिथेच 50 मीटरच्या दोराला चार जण, मध्ये 10-12 मीटर अंतर, दोर जमिनीला जेमतेम टेकलेला, हातात वेटोळी न धरता चालायला हवं. आणि कडक, उभ्या उतारावर मध्ये एकही अँकर न ठेवता पाच-सहा जणांना एका दोराला ओवतात. एक घसरला की सगळी माळ खाली. कांग यात्से-2 वर भेगा कमी, म्हणून हा निष्काळजीपणा खपतो. हीच सवय घेऊन लोक पुढच्या वर्षी लडाखमधल्याच कुन शिखरावर जातात. तिथलं हिमपठार इतकं सोपं सोडत नाही.

आणि 'सर्टिफाइड गाइड' म्हणजे बहुतेकदा एमओआय (मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन) केलेला माणूस. तो शिकवण्याचा कोर्स आहे. गिऱ्हाइकाला आखूड दोरावर सांभाळत उतरवणं ही निराळी विद्या. दोर सतत ताठ हवा, गाइड वरच्या बाजूला हवा, पाय लटपटला त्याच क्षणी ओढ बसायला हवी. घसरण सुरू झाल्यावर ओढलं तर गाइडही जातो. आल्प्समधले गाइड त्यासाठी अनेक वर्षं तयार होतात, नेपाळची गाइड संस्थाही 2012 पासून पर्वत-गाइडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघात आहे.

उतरण
+1. बारामागे तीन म्हणजे सहल झाली.

हिमोग्लोबिन
उतरण यांनी कोंगमारू ला चा विषय काढला म्हणून एक भर. त्या वाटेने निमालिंगला गेलेल्याला रात्री फुफ्फुसात पाणी झालं (हेप) तर त्याला खाली न्यायला आधी वर चढवावं लागतं, कारण गाडी खिंडीपलीकडे. मार्खा खोऱ्याच्या बाजूने उतरलं तर थाचुंगत्से, 4200 च्या आसपास. उंची कमी होते, पण तिथून गाडीरस्ता लांब. म्हणजे आखूड वाटेवर आजारी पडायची शक्यता जास्त आणि सुटकेची वाट वाईट. हेप बहुधा नव्या उंचीच्या दुसऱ्या रात्री डोकं वर काढतो: बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, काल पुढे असणारा आज अचानक मागे.

कंपनीला विचारायचं ते हे. गॅमो बॅग (रुग्णाला आत ठेवून हवेचा दाब वाढवायची पिशवी) आहे का? ती फुगवली की आतल्या माणसाला दीड-दोन हजार मीटर खाली नेल्यासारखं होतं, पण पंप सतत मारत राहावा लागतो आणि बाहेर काढल्यावर उतरवावं लागतंच. पेटीत डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन (उंचीच्या आजारावरची औषधं) आहे का, आणि ते कधी द्यायचं हे सोबत येणाऱ्या माणसाला माहीत आहे का, की फक्त ऑफिसात बसलेल्याला? उंचीला रुळायला मदत करणाऱ्या डायमॉक्स गोळीची नेहमीची प्रतिबंधक मात्रा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ती चालू आहे म्हणून दिवस कापणं चूक. आणि ऑक्सिमीटरच्या आकड्यावरून 'तू फिट, तू अनफिट' ठरवणं थांबवा. बोटं गार असली की तो काहीही दाखवतो. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा. ज्याचा तोल जातो त्याला वर न्यायचं नाही, त्याला खाली न्यायचं.

खुंबूकर
सक्तीचे नियम कसे निघतात ते नेपाळात बघावं. 2025 च्या बदलांनुसार आठ हजारांवरच्या शिखरांना दोन गिर्यारोहकांमागे एक गाइड, आणि एव्हरेस्टची वसंतातली परवाना फी 11000 डॉलरवरून 15000. त्याच वर्षी मांडलेल्या विधेयकात एव्हरेस्टसाठी आधी सात हजारांवरचं शिखर केलेलं असण्याची अट घातली. तेही नेपाळमधलंच. म्हणजे आपल्या लडाखमधल्या नुनवर (7135) जाऊन आलेला चालणार नाही. त्यांना अनुभव हवाय की परवान्याचे पैसे, हे आपलं आपण समजून घ्यायचं.

दाखल्यांचं तर बोलूच नका. एव्हरेस्टच्या माथ्याचे फोटो बनावट निघाले म्हणून पुण्याच्या एका पोलीस दाम्पत्यावर नेपाळने 2016 मध्ये दहा वर्षांची बंदी घातली. तत्पूर्वी प्रमाणपत्र मिळालेलंच होतं. बेसिक सक्तीचा केलात की कोपऱ्यावर पाच दिवसांचे 'बेसिक' निघतील.

कातळवेडा
निघालेत. 😀

भारवाही
दोर कोण वाहतो यावर अजून कोणीच बोललं नाही. पिकेट60 चे 16 किलो, वर स्क्रू, तंबू, आणि न झेपणाऱ्या गिऱ्हाइकाची सॅक. मदतनीस रात्री दहाला निघून दोर लावतो, सगळे उतरल्यावर सोडवून आणतो. म्हणजे त्या उतारावर तो सगळ्यांच्या दुप्पट वेळ असतो, आणि शेवटी सोडवताना त्याच्या वर दोरच नसतो. 18 एप्रिल 2014 ला एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू आइसफॉलमध्ये 16 नेपाळी कामगार गेले ते असेच पुढे जाऊन काम करताना.

गिऱ्हाइक अडकलं की वर परत जाणाराही तोच. म्हणून माझं मत रानवारांच्या बाजूने झुकतं, कारण मात्र निराळं. ज्याला हे येत नाही तो वर जातो तेव्हा धोका स्वतः एकटा घेत नसतो, रोजावर आलेल्या दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. पुण्याच्या गिरीप्रेमीसारख्या क्लबांनी 2012 ला एव्हरेस्ट, 2019 ला कांचनजंगा केलं तेव्हाही शेर्पा होते, फिक्स रोप होते. पण कोण जाणार हे वर्षानुवर्षं एकत्र चढणाऱ्यांनी ठरवलेलं. पैसे भरले की जागा पक्की, असं नव्हतं.

रानवारा
भारवाहींचा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलाय. उतरण, पिकेट60, कागद नको म्हणता ना? मग पर्याय द्या. कोणाला घ्यायचं नाही, हे कोणी आणि कशावरून ठरवायचं?

पिकेट60
चाचणी. लेहमध्येच बूट-क्रॅम्पॉन ज्याचे त्याला जुळवून द्यायचे. मऊ तळव्याच्या बुटाला कडक क्रॅम्पॉन लावला की बार तुटतो किंवा टाच सुटते, आणि हे बेस कॅम्पवर कळून काय उपयोग? बेस कॅम्पला पूर्ण दोन दिवस. पहिल्या दिवशी मिटन्स घालून, डोळे मिटून, अँकर बदल सलग दहा वेळा बिनचूक. दुसऱ्या दिवशी पूर्ण बूट घालून 300 मीटर चढ अडीच तासांत. जमलं तर रात्री चला, नाहीतर बेस कॅम्पवर थांबा. आणि माथा कितीही जवळ असो, नऊला मागे.

उतरण
चाचणी मान्य, पण 300 मीटर संपवून येतो त्याच रात्री निघायचं नाही. मध्ये एक दिवस आराम. म्हणजे दोन नाही, तीन दिवस.

रानवारा
आणि नापास झालेल्याने बेस कॅम्पवर 'मी पूर्ण पैसे भरलेत' म्हणून आवाज चढवला की? लीडर पंचविशीचा, गिऱ्हाइक पंचेचाळिशीचा, कंपनीला रिव्ह्यू हवेत. तिथे कोणी नापास करत नाही. बेसिकची अट पुण्यात, पैसे घेण्याआधीच लागते.

पिकेट60
तेही पैशांतच सोडवता येतं. पत्रकात फी दोन भागांत लिहा: बेस कॅम्पपर्यंत इतके, शिखराच्या रात्रीचे इतके. वर पाठवलं नाही तर दुसरा भाग परत. आणि मदतनिसाची बक्षिशी माथ्यावर किती पोचले यावर नको, ठरलेली हवी. माथ्यामागे बोनस असला की नऊचे दहा, दहाचे अकरा कसे होतात ते वेगळं सांगायला नको.

भारवाही
दुसरा भाग परत करणार असाल तर मदतनिसाचा रोज त्यातून कापू नका म्हणजे झालं. दोर तर त्याने लावलेलाच असतो.