मदत हवी आहे: नव्या राजवाड्यासमोर प्रोग रॉक, दगडाचा प्रतिध्वनी कसा आवरायचा?

मंडळी, आम्ही पाच जण कोल्हापुरात प्रोग्रेसिव्ह रॉक (लांबलचक गाणी, अवघड ताल) वाजवतो. (हो, कोल्हापुरातच. हसून घ्या आधी.) नव्या राजवाड्यासमोर एक संध्याकाळ वाजवायची, असं डोक्यात घेतलंय. अर्ज अजून दिलेला नाही. त्याआधी आवाजाचं गणित पक्कं करायचंय.

अडचण दगडाची आहे. मेजर मँटने आखलेली, 1884 साली पुरी झालेली ही इमारत काळ्या बेसाल्टची. कमानी, कोरीवकाम आहे म्हणून आवाज थोडा विखुरेल, पण शोषला काही जाणार नाही. स्टेज भिंतीपासून 40 मीटरवर धरलं तर आवाज 80 मीटर फिरून परत येतो, म्हणजे जवळपास पाव सेकंद उशिरा. आमच्या सात मात्रांच्या तुकड्यात एक मात्रासुद्धा तेवढीच! म्हणजे पहिलीचा किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) दुसरीवर पुन्हा ऐकू येणार. साध्या चारच्या गाण्यात खपून जातं, इथे सम कुठली तेच कळेना होईल.

स्टेजची पाठ राजवाड्याकडे ठेवली तर दृश्य झकास. तोंड त्याच्याकडे केलं तर आवाज आवारातच राहील, पण लोक राजवाड्याकडे पाठ करून बसणार. मग तिथे करायचं कशाला?

रात्री 10 ला स्पीकर बंद, हे ठाऊक आहे. एकेक गाणं वीस मिनिटांचं, त्यामुळे डिसेंबरात अंधार पडला की लगेच सुरू करू. शिवाय आवारात हरणं आहेत, त्यांचाही विचार हवा.

कुणी दगडी वाड्यात किंवा किल्ल्यात साउंड केलंय का?

— सातमात्रा

प्रतिसाद, कर्णेवाला:
भावा, पाठ राजवाड्याकडेच ठेव. समोर जाणाऱ्या उंच सुरांची फार काळजी नको, मागे पळतो तो बेस. दर तीन सबमधला (सब म्हणजे फक्त बेसचा स्पीकर) एक उलटा फिरव, त्याची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलट कर आणि डिले (आवाजाला किंचित उशीर) मोजून लाव; मागचा बेस बराच मरतो. स्टेजवर मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) ठेवू नका, सगळ्यांना इन-इअर (कानात घालायचे इअरफोन) द्या. गिटारचे अँपही बंद, मॉडेलर (अँपच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र) थेट मिक्सरला. उरला ड्रम. त्याच्यामागे जाड पडदे लाव, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही, पडद्यांना स्वतंत्र ट्रस (धातूचा सांगाडा) हवा.

लोक किती येतील, तेवढं सांग. त्यावर किती सब लागतील ते ठरतं.

सातमात्रा:
तीनशे धरा दादा. खुर्च्यांवर, उभे नाहीत.