'बलात्कार हे युद्धाचे हत्यार' एवढ्या स्पष्टीकरणाने भागते का?

पानगळ:
नमस्कार. राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या शोधनिबंधासाठी मी युद्धातील लैंगिक हिंसेवर वाचन करीत आहे. 'बलात्कार हे युद्धाचे हत्यार आहे' हे वाक्य जागोजागी भेटते, आणि बोस्नियातील फोचा गावाची हकिगत वाचली की ते पटतेही. १९९२ साली तिथल्या पार्तिझान क्रीडागृहात बोस्नियन सर्बांनी मुसलमान स्त्रियांना आणि मुलांना डांबून ठेवले होते. सैनिक येत, बायकांना निवडून घेऊन जात. २२ फेब्रुवारी २००१ रोजी हेगच्या न्यायाधिकरणाने तीन बोस्नियन सर्ब आरोपींना बलात्कारासाठी, मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून, दोषी ठरवले. मी मसुदा याच दिशेने लिहिला होता. पण मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहून परत दिला: 'मग प्रत्येक युद्धात असे का घडत नाही?' याचे उत्तर अभ्यासक कसे देतात?

जुनाबाड:
आपल्या मार्गदर्शकांनी नेमके दुखणे पकडले आहे. एलिझाबेथ वूड या अभ्यासिकेने हाच प्रश्न केंद्रस्थानी आणला. 'पुरुष शस्त्र घेऊन सुटले की असे होणारच' हे जुने उत्तर खरे असते, तर सर्वच सशस्त्र गटांचे वर्तन सारखे दिसायला हवे होते, आणि तसे ते दिसत नाही. त्यांचे श्रीलंकेचे उदाहरण अवश्य पाहा. ऑक्टोबर १९९० मध्ये तामिळ वाघांनी उत्तर प्रांतातील हजारो मुसलमानांना अगदी थोड्या मुदतीत घराबाहेर काढले. वांशिक हकालपट्टी बोस्नियात होती तशीच इथेही होती, आणि वाघ निर्दयपणात कोणाला हार जाणारे नव्हते; तरीही नागरिकांवरील बलात्कार त्यांच्याकडून क्वचितच झाले. संघटनेची शिस्त कडक होती आणि लैंगिक वर्तनावर वरून करडी नजर होती. म्हणजे द्वेष किंवा हकालपट्टीचा हेतू एवढे कारण पुरत नाही. नेतृत्वाला काय हवे आहे, आणि ते हाताखालच्या पोरांकडून पाळून घेण्याची ताकद त्याच्याकडे आहे का, हेही पाहावे लागते. हुकूम दिलेला नसतो, पण कोणी रोखतही नाही, अशा हिंसेला वूड निराळे स्थान देतात. 'हत्यार' या शब्दात ती बसत नाही, कारण हत्यार म्हटले की ते उगारणारा हात गृहीत धरला जातो.

मृद्गंध:
यात डारा के कोहेन यांची भर घालते. १९९१ ते २००२ या काळातील सिएरा लिओनच्या यादवीत लढलेल्या माजी लढवय्यांच्या त्यांनी नंतर मुलाखती घेतल्या. बंडखोर संघटनेने बहुतेक माणसे पळवून आणून भरती केलेली होती. एकमेकांना न ओळखणाऱ्या, एकमेकांना घाबरणाऱ्या या पोरांना एका टोळीत बांधण्याचे काम सामूहिक बलात्काराने केले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्या टोळ्यांत स्त्री बंडखोरही सामील असत, आणि 'पुरुषी वासना' हे स्पष्टीकरण तिथेच अडखळते.

काँगोतील सैनिकांशी बोललेल्या मारिया एरिक्सन बाझ आणि मारिया स्टर्न यांना मात्र निराळे ऐकू आले. न मिळणारा पगार, घर चालवता न येण्याची लाज, आणि 'वासनेचा' बलात्कार वेगळा व 'दुष्टपणाचा' वेगळा अशी सैनिकांनी स्वतःच केलेली विभागणी. मला ही मांडणी महत्त्वाची वाटते, पण गुन्हेगार आपल्या कृत्याचे जे कारण सांगतो ते सबबही असू शकते, हे त्या दोघीही जाणतात आणि आपणही विसरू नये.

आकड्यांबाबत एक सावधगिरी. लायबेरियात ७५ टक्के स्त्रियांवर बलात्कार झाला, हा आकडा वर्षानुवर्षे फिरत राहिला. कोहेन आणि अमेलिया हूवर ग्रीन यांनी त्याचे मूळ शोधले, तेव्हा ज्या स्त्रियांनी लैंगिक हिंसा सोसली होती त्यांच्याच पाहणीतले ते प्रमाण सगळ्या देशाच्या माथी मारले गेल्याचे आढळले.

साळुंकी:
वरील सगळी चर्चा अत्याचार करणाऱ्यांभोवती फिरते आहे. जिच्यावर गुदरले तिला विचारायचे कसे, हाही पद्धतीचाच प्रश्न आहे. १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेश सरकारने बलात्कार सोसलेल्या स्त्रियांना 'वीरांगना' हा किताब दिला आणि त्यांचा दोन लाख हा आकडा अधिकृत झाला. नयनिका मुखर्जी यांनी १९९७-९८ च्या सुमारास पश्चिम बांगलादेशातील एका गावात राहून अभ्यास केला. तिथल्या काही स्त्रियांना १९९२ साली ढाक्यातील जनतेच्या न्यायालयात, म्हणजे युद्धगुन्ह्यांच्या आरोपांवर लोकांनीच भरवलेल्या प्रतीकात्मक खटल्यात, नेले होते. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे छापून आली. गावाला त्यांची हकिगत आधीपासून ठाऊक होती, फक्त कोणी उच्चारत नव्हते. छायाचित्रे आल्यानंतर मात्र टोमणे सुरू झाले. बंगालीत त्याला 'खोटा' म्हणतात (मराठीतल्या 'असत्य' या अर्थाने नव्हे). गावाचा रोष त्यांनी ते चारचौघांत उघड केले यावर होता. ज्या मौनाला आपण बाहेरून 'दडपलेला आवाज' म्हणतो, त्याच्या आडोशाने तिथे संसार चाललेले होते. त्यामुळे साक्ष मिळवणे म्हणजे आपोआप न्याय, असे मला आता लिहवत नाही.

पानगळ:
सर्वांचे मनापासून आभार. निबंधाचे शीर्षक बदलतो आहे. एकच शंका उरली: निरनिराळ्या युद्धांची तुलना करताना 'इथे हिंसा कमी होती' हे ठरवतात कशावरून?

जुनाबाड:
कोहेन आणि राग्न्हिल्ड नोर्डोस यांच्या माहितीसंचात अमेरिकी परराष्ट्र खात्याचे, अ‍ॅम्नेस्टीचे आणि ह्यूमन राइट्स वॉचचे अहवाल वाचून प्रत्येक सशस्त्र गटाला, प्रत्येक वर्षासाठी, शून्य ते तीन अशी श्रेणी दिलेली आहे. हे मोजमाप घटनांच्या नोंदींचे आहे. ज्या खोऱ्यात कोणी वार्ताहर पोहोचला नाही, तिथला शून्य आणि जिथे खरोखर घडले नाही तिथला शून्य कागदावर सारखाच दिसतो. म्हणून श्रीलंकेसारखे उदाहरण घेताना त्याच गटाच्या इतर अत्याचारांच्या नोंदी त्याच काळात भरपूर झालेल्या आहेत का, ते आधी तपासा. वाघांच्या कत्तलींची नोंद करणारे लोक तिथे हजर होते.