मदत हवी आहे: कोकणकन्या फर्स्ट एसी, कूपे नको, केबिन हवी

ठाणे ते मडगाव, एकाच पीएनआरवर दोन कन्फर्म तिकिटं. प्रवासी दोघंही सत्तरीपुढचे, गुडघेदुखीवाले. शिडी चढून वर झोपणं अशक्य. लोक कूपेसाठी, म्हणजे दोनच बर्थच्या बंद खोलीसाठी, धडपडतात, पण त्यात खाली एकच बर्थ, दुसरा बरोबर डोक्यावर. चार बर्थच्या केबिनमध्ये खालचे दोन समोरासमोर असतात, तेच हवेत. फर्स्ट एसीच्या तिकिटावर डबा-बर्थ येत नाही, चार्ट लागतानाच ठरतं. आणि जोडीचं तिकीट दिसलं की बहुधा कूपेच मिळतो. बुकिंगमध्ये लोअरची पसंती टाकली आहे. तिकीट खिडकीवर 'गाडीत टीटीईंना सांगा' एवढंच उत्तर मिळालं. मध्यरात्री कोण जागा बदलून देणार? टू-एसी सुचवू नका, दाराला आतून कडी हवीच.

केबिनसाठी लेखी अर्ज नेमका कुणाकडे द्यायचा, ठाण्यात की सीएसएमटीला, आणि चार्टच्या किती आधी?