अण्णांना टॅमसुलोसिन चालू केलीय, उठलं की गरगरतंय, बंद करू का?

बागायतदार_तासगाव
नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांना, वय 71, लघवीचा त्रास बऱ्याच दिवसांचा, धार बारीक, जोर लावावा लागायचा, रात्री सारखं उठायचं. लाजेनं बोलत नव्हते, आईनं सांगितलं तेव्हा मिरजेला नेऊन सोनोग्राफी केली. प्रोस्टेट वाढलीय म्हणाले आणि टॅमसुलोसिन 0.4 ची कॅप्सूल दिली, रोज एक. लघवी मोकळी होतेय हे खरं, पण बसल्यावरनं उठलं की गरगरतंय म्हणतात, परवा गोठ्यात खांब धरून उभे राहिले. बीपीची गोळी आधीपासनं आहेच. कॅप्सूल सकाळी नुसत्या चहावर घेतात, पोटात दुसरं काही नसतं. गिळताना अडकते म्हणून शेजारचे म्हणतात फोडून दुधात घालून द्या. बागेची छाटणी झालीय, फवारणी चालू आहे, नको म्हटलं तरी ट्रॅक्टरवर बसतात. दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन पण ठरलंय, त्याचा याच्याशी संबंध नसावा. बंद करू का गोळी? डॉक्टरांची पुढची तारीख लांब आहे.

फार्मासिस्ट_सांगली
दादा, मनानं बंद करू नका आणि तारखेची वाट पण बघू नका, उद्याच फोन करून गरगरतंय हे सांगा, सोबत बीपीच्या गोळीचं नाव आणि घरी मोजलेलं बीपी सांगा.

हे औषध प्रोस्टेटचा आणि मूत्राशयाच्या तोंडाचा आवळलेला स्नायू सैल करतं म्हणून लघवी सुटते, पण रक्तवाहिन्या पण थोड्या सैल होतात, त्यामुळं उभं राहिलं की बीपी उतरतं. उपाशीपोटी घेतलं तर औषध रक्तात जास्त चढतं आणि लवकर चढतं, म्हणजे गरगर आणखी वाढणार. रोज एकाच जेवणानंतर, साधारण अर्ध्या तासानं, ठरलेल्या वेळी घ्यायचं असतं. बरेच डॉक्टर रात्रीच्या जेवणानंतर देतात, तुमची वेळ बदलायची तर त्यांना विचारूनच बदला. फोडून, चावून, दुधात घालून अजिबात नको, आतलं औषध हळूहळू सुटायला बनवलेलं असतं ते एकदम सुटेल. गिळता येत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, मार्ग निघतो.

गरगर थांबेपर्यंत ट्रॅक्टरची किल्ली तुमच्याकडं ठेवा. अण्णा रागावले तर रागावू देत. उठताना आधी खाटेच्या कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं, रात्री लघवीला उठतानाही तसंच, बाथरूमचा दिवा चालू ठेवा.

आणि मोतीबिंदूचा संबंध आहे, चांगलाच आहे! या औषधानं ऑपरेशनच्या वेळी डोळ्याची बाहुली नीट मोठी होत नाही, बुबुळ ढिलं पडून मध्ये येतं. अमेरिकेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी 2005 साली हे पहिल्यांदा मांडलं. आधी माहीत असेल तर सर्जन तयारी ठेवून करतात. चार दिवस आधी गोळी बंद केली की झालं असंही नाही, पूर्वी कधी घेतली असली तरी सांगायचं असतं. डोळ्याच्या डॉक्टरांना आजच कळवा.

कराडची_सून
ताईंनी सगळं सांगितलंय, मी एकच सांगते. आमच्या मामंजींना हीच गोळी चालू होती, सर्दी झाली म्हणून दुकानातनं साधी सर्दीची गोळी आणून घेतली आणि रात्री लघवी पूर्ण तुंबली, पोट फुगून दगडासारखं, दवाखान्यात नळी घालून काढली तेव्हा जीवात जीव आला. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत क्लोरफेनिरामिन, फेनिलेफ्रिन असतं, त्यानं प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडते म्हणे. तुमच्याकडं आता थंडी पडणार म्हणून सांगितलं. आणि असं तुंबलंच तर भरपूर पाणी पाजून सुटेल म्हणून बसू नका, रात्र असली तरी सरळ दवाखाना.

बागायतदार_तासगाव
खूप आभार ताई दोघींचे, डोळ्याचं तर डोक्यातच नव्हतं. अजून दोन विचारतो. अण्णा माळकरी आहेत, एकादशीला काय करायचं? आणि आत्ता स्ट्रिप बघितली तर टॅमसुलोसिनच्या पुढं डुटास्टेराइड 0.5 पण लिहिलंय, हे काय? गोळ्या काढून माझी बायको देते, तिला पाचवा महिना चालू आहे.

फार्मासिस्ट_सांगली
बरं झालं स्ट्रिप बघितली. वहिनींना त्या गोळ्यांना हात लावू देऊ नका, तुम्ही किंवा आई द्या. डुटास्टेराइड फुटक्या कॅप्सूलमधनं कातडीतनं आत जाऊ शकतं आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. आतापर्यंत अख्खी कॅप्सूल काढून दिली असेल तर लगेच घाबरू नका, पण त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. फोडलेली असेल तर आजच फोन.

ते औषध वाढलेली ग्रंथी हळूहळू आकसवतं, चांगला फरक दिसायला सहा महिने पण लागतात, म्हणून मधेच कंटाळून सोडू नये. त्यानं रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटचं दुखणं ओळखायला रक्तात तपासतात तो आकडा, निम्म्यावर येतो, पुढं कुठंही ती तपासणी केली तर ही गोळी चालू आहे हे सांगायचंच, नाहीतर आकडा चांगला वाटून खरं दुखणं झाकलं जाईल.

एकादशीला फराळ पोटभर झाल्यावर घेतली तरी चालेल. निर्जळी करत असतील तर मात्र डॉक्टरांना विचारा, अंगात पाणी कमी असलं की बीपी आणखी उतरतं. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. सलग काही दिवस चुकली तर परत सुरू करण्याआधी फोन करा, पहिल्या वेळसारखं एकदम बीपी पडू शकतं.