नवीन पिल्लू वॉशिंग मशीनमागून बाहेर येत नाही, तिची भाषा कशी ओळखू?

रिमझिम_ठाणे

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमधून मांजराचं एक पिल्लू घरी आणलंय. त्याच्या आईची बरीच वाट पाहिली, पण ती परतली नाही. पाऊस वाढला तसं ते गाड्यांच्या चाकांवर चढून बसायला लागलं, मग राहवेना. डॉक्टरांना दाखवलं. भाटी आहे, वय साधारण नऊ आठवडे, वजन ८०० ग्रॅम, जंताचं औषध देऊन झालं.

घरात पाऊल टाकल्यापासून बाईसाहेब ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे. रात्री सामसूम झाली की येऊन खाते, लिटरही (शी-शूसाठी ठेवलेला वाळूचा ट्रे) व्यवस्थित वापरते. दिवसा मात्र कुणी जवळ गेलं की कान पाडून फिस्कारते, अंगावरचे केस उभे. काल मी ओट्यापाशी भाजी चिरत होते तेव्हा कोपऱ्यातून तोंड काढून बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेपटीचं फक्त टोक हलत होतं. हा राग समजायचा की आणखी काही?

लेक सात वर्षांची आहे, तिला पिल्लू उचलून घ्यायची घाई झालीय. सासूबाई म्हणतात ही रानटी निघणार, माणसाळायची नाही. मला तिला ठेवायचंच आहे. तिच्या मनात काय चाललंय ते कसं ओळखायचं आणि विश्वास बसावा म्हणून काय करायचं, अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

दापोलीकर

गावी आमच्याकडे कायम मांजरं असतात. मानेच्या कातड्याला धरून उचला, मांजरी स्वतः पिल्लांना तशीच नेते. दिवसातून चार वेळा मांडीवर घेऊन बसलात की आपोआप सवय होईल.

ओटीवरची_मनी

दापोलीकर, इथे असहमत. मांजरी तशी नेते ती तान्ही पिल्लं. मोठ्या पिल्लाला मानेला धरलं की ते गप्प होतं ते सुटता येत नाही म्हणून, बरं वाटतं म्हणून नव्हे. शिवाय तुमच्याकडची पिल्लं जन्मापासून माणसांच्या पायात वाढलेली. दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सातव्या आठवड्यापर्यंत ज्या पिल्लांना माणसाचा हात लागतो, ती माणसाला आपलं मानूनच मोठी होतात. रिमझिम यांच्या पिल्लाचा तो काळ पार्किंगमध्ये गेलाय. म्हणजे ती माणसाळणार नाही असं अजिबात नाही, फक्त वेळ लागेल आणि पुढाकार तिचा असायला हवा.

उचलणं अगदीच भाग पडलं तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पण सध्या उचलूच नका.

आणि ड्राय बाल्कनीचं ग्रिल आजच्या आज बघा. एवढं पिल्लू गजांमधून सहज निसटतं. मशीन लावण्याआधी ड्रममध्येही हात घालून खात्री करून घ्या.

पिल्लांची_मावशी

रिमझिम, माझ्याकडे दत्तक जाईपर्यंत सांभाळायला पिल्लं येत असतात, त्या अनुभवावरून लिहितेय. तुमच्या पोस्टमध्ये चांगल्या खुणा बऱ्याच आहेत. रात्री का होईना, ती खातेय. लिटर वापरतेय. आणि तुम्ही कामात असताना स्वतःहून तोंड बाहेर काढून तुम्हाला न्याहाळतेय. धीर सुटलेलं पिल्लू हे करत नाही.

सासूबाईंना सांगा, फिस्कारणं म्हणजे रानटीपणा नव्हे, 'तिथेच थांब' एवढंच ती सांगतेय. त्या क्षणी खरंच थांबायचं, नजर दुसरीकडे वळवायची. तुम्ही थांबलात की तिला कळतं, या माणसाला सांगितलेलं समजतं. पुढे फिस्कारायची गरज कमी होत जाते. उलट 'काही नाही गं बाळा' म्हणत हात पुढे नेलात तर पुढच्या वेळी ती थेट पंजा मारेल.

शेपटीच्या टोकाबद्दल: एकच अवयव बघून निष्कर्ष काढू नका. टोक हलतंय, कान पुढे टवकारलेले आहेत आणि नजर तुमच्यावर आहे, तर ते कुतूहल. अख्खी शेपटी डावी-उजवीकडे आपटतेय आणि कान बाजूला वळलेत, तर वैताग. डोळ्यांच्या बाहुल्या अंधारात मोठ्या होतात, खेळाच्या भरात होतात आणि भीतीनेही होतात, म्हणून त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नका. अंगाकडे बघा. जमिनीला चिकटून आकसून बसलीय, मिशा गालाला टेकल्यात, कान सपाट झालेत, तर ती भ्यायलीय. पाठीची कमान, शेपटी बाटली घासायच्या ब्रशसारखी फुगलेली आणि अंग आडवं केलेलं, म्हणजे 'मी दिसते त्याहून मोठी आहे' असं दाखवणं चाललंय. आणि ज्या दिवशी ती शेपटी सरळ वर करून, टोकाला किंचित बाक देऊन तुमच्याकडे चालत येईल, त्या दिवशी खुशाल पेढे वाटा. मांजरं आपल्या माणसाला भेटताना अशीच येतात.

आता करायचं काय? मशीन सरकवून तिला बाहेर काढू नका. मशीनशेजारी एक खोका आडवा ठेवा, आत तुमची वापरलेली, न धुतलेली ओढणी घाला. तिला लपायला जागा हवी आणि तुम्हाला ती दिसायला हवी, दोन्ही साधतं.

खाण्याची वाटी दिवसभर भरून ठेवू नका. दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या आणि ती खाताना त्याच खोलीत, पण लांब, जमिनीवर बसा. उभा माणूस तिला डोंगराएवढा दिसतो. ती खात राहिली तर पुढच्या वेळी वीतभर जवळ बसा. खाणं थांबवून बघायला लागली तर पुन्हा मागे सरका. मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन अगदी बारीक करून लांब दांड्याच्या चमच्यावर द्या. चमच्यावरून खायला लागली की पुढे बोट. बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरायचं आणि हलवायचं नाही. तिने हुंगून गाल घासला, तर गालावर आणि हनुवटीखाली खाजवा. डोक्यावरून हात आणू नका, पोटाला तर नकोच. ती पुढे लोळून पोट दाखवेल, तेव्हाही ते हात लावायचं आमंत्रण नसतं.

एक सोपी गोष्ट आजपासूनच करता येईल. ती बघत असेल तेव्हा टक लावू नका. डोळे अर्धवट मिटा, सावकाश पूर्ण मिटा, मग उघडा. २०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी यावर प्रयोग केले होते. माणसाने असे सावकाश डोळे मिटले की मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात, आणि अनोळखी माणसानेही असं केल्यावर त्याच्या पुढे केलेल्या हाताजवळ जायला ती जास्त तयार होतात, असं त्यांना आढळलं. माझ्याकडची घाबरट पिल्लं खोक्यातूनच उत्तर द्यायला लागतात. करून बघा, फार गोड वाटतं.

लेकीला काम द्या. रोज ठरलेल्या वेळी खोक्यापासून लांब बसून तिने पुस्तक मोठ्याने वाचायचं. पिल्लाकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. लेकीचे हात पुस्तकात गुंततात आणि पिल्लाला तिच्या आवाजाची सवय होते.

प्राणीवैद्य_सांगली

वरचे सल्ले उत्तम. माझ्याकडून तब्येतीचं थोडं.

एवढ्या लहान पिल्लाने सलग एक दिवस काहीच खाल्लं नाही तर 'घाबरलंय म्हणून' असं धरून बसू नका, लगेच दाखवा. नाक-डोळे वाहणं, जुलाब, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर आलेला दिसणं यातलं काहीही असेल तरी तेच. घुरघुर ऐकून निर्धास्त होऊ नका. मांजर दुखण्यातही घुरघुरतं. कोपऱ्यात आकसून, न खाता घुरघुरत असेल तर ती खुशी नव्हे.

गाईचं दूध नको, जुलाब होतात. ड्राय बाल्कनीची फरशी फिनेलने पुसू नका. ती त्यावरून चालते आणि मग पंजे चाटते, आणि मांजराचं यकृत त्यातल्या रसायनांचा निचरा करू शकत नाही. क्रोसिनसारखी पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराचा जीव घेते, अर्धीसुद्धा देऊ नका.

लसीकरणाची पहिली लस आताच विचारून घ्या, तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, रेबीजची साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. तोवर कुणालाही बोचकारलं किंवा चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लेकीला सांगून ठेवा की ओरखडा लपवायचा नाही, कुणी रागावणार नाही. मुलं पिल्लाला घरातून काढतील या भीतीने लपवतात.

रिमझिम_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रिलला जाळी बांधून घेतली, खोका ठेवला, फिनेल बंद केलं. लेक रोज संध्याकाळी बालभारतीचं पुस्तक वाचते. काल ती वाचत असताना पिल्लू बाहेर आलं, तिच्या पायाच्या अंगठ्याला नाक लावलं, मग गाल घासून पुन्हा आत. सासूबाईंनी हे आधी पाहिलं आणि मला खुणेनं बोलावलं!

आता नवा प्रश्न. आज सकाळी तिने मला हनुवटी खाजवू दिली. डोळे मिटून घुरघुरत होती, आणि अचानक माझा हात धरून चावली. रक्त आलं नाही, दात मात्र लागले. जखम धुतली, डॉक्टरांकडेही जाऊन आले. पण ती अशी का वागली?

ओटीवरची_मनी

डॉक्टरांकडे गेलात हे फार बरं केलंत.

अचानक वाटतं, पण आधी खुणा होतात. घुरघुर थांबते, पाठीचं कातडं थरथरतं, शेपटी आपटायला लागते, कान मागे वळतात, मान झटकन हाताकडे वळते. 'पुरे' म्हणून झाल्यावरच दात येतात. दोन-तीनदा खाजवून हात मागे घ्या आणि थांबा. तिने डोकं पुढे करून ढुशी दिली तर पुन्हा. बघत बसली तर तेवढंच पुरे.

हाताने खेळवणं घरात सगळ्यांनी बंद करा, चादरीखाली बोटं हलवणंसुद्धा. साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे दात पडायला लागले की ती आणखी चावेल. काठीला कापडाची चिंधी बांधून खेळवा, दबा धरू द्या, शेवटी पकडू द्या आणि लगेच खायला द्या. खेळ संपला की काठी कपाटात. दोरा किंवा नाडी गिळली तर आतड्यात अडकते.

रिमझिम_ठाणे

खुणा आठवल्या, शेपटी आपटत होती खरी. बाकीचं घर कधी मोकळं करू? महिन्याभरात गणपती आहेत, घरी पाहुणे असतील.

पिल्लांची_मावशी

ड्राय बाल्कनीत तुम्ही गेल्यावर शेपटी वर करून समोर यायला लागली की आधी स्वयंपाकघर, दार उघडं आणि तुम्ही जमिनीवर. तिथे मधोमध पाय पसरून झोपली की मग हॉल. मोठ्या बाल्कनीला कबुतरांची जाळी असेल तर खालच्या कडा तपासा, पिल्लं तिथूनच बाहेर पडतात.

गणपतीत खोका आणि मशीनमागची जागा तशीच राहू द्या. आरतीच्या आधी तिला खायला घालून ते दार लावून घ्या, लिटर आत असू द्या. दारावर लेकीच्या अक्षरात 'आत पिल्लू आहे, उघडू नये' अशी चिठ्ठी लावा. मोदकांच्या गडबडीत कुणीतरी पाणी आणायला म्हणून ते दार उघडतंच.