मदत हवी आहे: गल्लीतला शॉर्टकट गाड्यांना बंद, सायकलींना चालू ठेवायचाय

मंडळी, आमची कॉलनी पुण्यातली, जुन्या बंगल्यांची. सकाळी सिग्नल चुकवणाऱ्या गाड्या आमच्या अरुंद रस्त्यातून सुसाट जातात आणि शाळेची पोरं सायकल हातात धरून भिंतीला चिकटून उभी राहतात. म्हणायला सायकलींचं शहर!

नेदरलँड्समधल्या हाउटनची रचना माझ्या डोक्यात बसली आहे. गावाभोवती रिंगरोड. मोटारीने एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर आधी बाहेर रिंगरोडवर यायचं आणि वळसा घालून पुन्हा आत शिरायचं. सायकल मात्र मधून सरळ शाळेत, नाहीतर स्टेशनवर. गाडीला बंदी नाही, फक्त सायकलचा रस्ता जवळचा केलाय. मला हेच पटतं.

आमच्या गल्लीच्या मध्यावर खांब रोवले तर मोटारी थांबतील. पण स्कूटर? जिथून सायकल जाते तिथून तीही जाणारच. आडवेतिडवे बार लावले तर शेजारच्या आजींची व्हीलचेअर अडकते. शिवाय घंटागाडी वळणार कुठे, आणि अग्निशमनची गाडी आली तर खांबाच्या कुलपाची किल्ली कुणाकडे?

कुणी आपल्या भागात असं केलंय का? दोन खांबांत अंतर किती ठेवलं? आधी महिनाभर कुंड्या ठेवून बघायचं तर अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा की वाहतूक पोलिसांकडे? समोरचे काका आत्ताच म्हणालेत, "माझी गाडी वळसा घालणार नाही." त्यांना काय सांगू, तेही सुचवा.